पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या

४ एप्रिल

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. फोनवर आप्पांचं नाव निघालं की तुझी लगेच मीटिंग सुरू होते, आणि मेसेज तू वाचतोस की नुसते वर सरकवतोस हे कळायला मार्ग नाही. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तुला परत बोलावण्यासाठी लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. मला नवीन काम लागलंय आणि ते तुझ्या कामाच्या अंगाने जाणारं आहे, म्हणून वाटलं तुला सांगावं. आपल्या पुळणीवर, समुद्राकाठी वाळूत बसायला येणाऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे, असं काम. माझ्या हाताखाली तीन बायका आहेत. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी. तू बघितलं असतंस तर हसून लोळला असतास.

किनारा दरवर्षी किती आत येतोय ते मी तुला सांगायला नको. वरच्या कचेरीने ठरवलंय की बोटीने वाळू आणून एक पुळण पुन्हा भरायची. दोन भरण्याइतकी ऐपत नाही. एक आपली आणि दुसरी टेकडीपलीकडची, हॉटेलांची. तेव्हा आधी हे बघायचं की लोकांना कुठली जास्त हवी आहे. आता समुद्राला तर तिकीट नसतं, मग किंमत काढायची कशी? त्यासाठी आमच्या साहेबांची एक पद्धत आहे. माणूस किती लांबून आला, कशाने आला, वाटेत वेळ किती घालवला, पदरचं किती गेलं, हे विचारायचं. जेवढा त्रास काढून माणूस आला, तेवढी ती जागा त्याला हवी आहे असं धरायचं. आणि शेवटी एक प्रश्न: पुळण निम्मी झाली तर याल का?

साहेब वयाने लहान आहेत, नाकाला पांढरं मलम फासून फिरतात, पण माणूस सरळ आहे. 

आप्पा ठणठणीत आहेत. अजून खुर्च्या-छत्र्या भाड्याने देतात. तुझ्या वेळी बारा रांगा लागायच्या, आता तीन लागतात आणि भरतीला पुढची उचलून मागे न्यावी लागते. तरी त्यांचं म्हणणं, समुद्र जरा पाय पसरून बसलाय, उठेल.

पहिल्या दिवशी सराव म्हणून मी त्यांनाच प्रश्न विचारले.

"कुठून आलात?"

"डोळे फुटले का तुझे?"

"आप्पा, असंच विचारावं लागतं."

"त्या समोरच्या घरातून."

"कसे आलात?"

"चालत."

"किती वेळ लागला?"

"चपला सापडायला लागतो तेवढा."

"खर्च?"

"खर्च कसला? इथे मी लोकांकडून घेतो."

पुळण निम्मी झाली तर याल का, हेही विचारलं. म्हणाले, "निम्मी तर कधीच झाली. आलोय ना?"

संध्याकाळी खुर्च्या आवरताना त्यांनी विचारलं की माझं किती धरलं. मी खरं ते सांगितलं. जवळच्या माणसाला यायला काहीच पडत नाही, म्हणून या हिशेबात त्याचं जवळपास शून्य येतं. साहेब तिथेच होते, ओशाळले. म्हणाले, ही पद्धतीतली उणीव आहे, आम्ही अहवालात खाली तशी टीप देतो.

"म्हणजे आयुष्यभर इथे बसून मी तळटीप झालो," आप्पा म्हणाले. हसले, पण मग बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले.

"लांबून येणाऱ्याला भाव, असं का?"

मी म्हटलं, असंच.

"बरं."

त्यांचं 'बरं' तुला माहीत आहे. मला तिथेच सावध व्हायला हवं होतं.

तुझी,
टिवटिव

(हे नाव तूच ठेवलंयस, आता भोग.)


१९ एप्रिल

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की माझी मान आपोआप वळते.

काम जोरात आहे. हॉटेलांची पुळण पुष्कळ पुढे आहे. तिथे लोक विमानाने येतात, आठवडाभर राहतात. आपल्याकडे येतात ते शेजारपाजारचे. डबा घेऊन, पायी किंवा सायकलवर. एक आजीबाई रोज येऊन फक्त पाय ओले करतात आणि घरी जातात. विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरपेक्षा स्वस्त पडतं." आमच्या हिशेबात त्याही आप्पांच्या पंगतीला.

मागच्या पत्रात मी आप्पा ठणठणीत असल्याचं लिहिलं होतं. तसे आहेत, गुडघा सोडून. मार्चमध्ये खुर्च्या मागे आणताना लाटेने पाडलं त्यांना. दोन्ही बगलांत एकेक खुर्ची होती. मी धावत गेले तर पाण्यात बसलेले, आणि खुर्च्या तशाच बगलेत. मी म्हटलं, सोडायच्या की. म्हणाले, "तुझ्या आईने कापड शिवलंय यांचं." आता थोडे लंगडतात आणि कुणी बघतंय असं वाटलं की लंगडत नाहीत. तू काळजी करशील म्हणून लिहिलं नव्हतं. मग वाटलं, करू दे की थोडी.

आणखी एक. साहेबांबरोबर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. आप्पा जवळच छत्रीचा दांडा पुसत होते. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हे सगळं बंदराच्या बंधाऱ्यामुळे झालं का? बाईंनी आडपडदा ठेवला नाही. बंधाऱ्याने काही वाळू अडली, हो. नदीवरच्या धरणांनी त्याहून जास्त अडली. वर समुद्र चढतोय. बंधारा बांधला नसता तरी पुळण गेलीच असती, थोडी उशिरा.

दांडा पुसून झाला होता, तोच आप्पांनी पुन्हा पुसला. जेवताना मात्र म्हणाले, "थोडी उशिरा म्हणजे किती?"

"मला नाही माहीत."

"त्याला माहीत असेल."

दादा, सात वर्षं घरात तुझा उल्लेख 'इंजिनियर साहेब' असा होतो, आणि तोही दोन-चार वेळाच झालाय. 'त्याला' हे पहिल्यांदा ऐकलं. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

सात वर्षांपूर्वी त्या दिवशी ते जेवताना जे बोलले ते मी विसरलेले नाही. "माझ्याच पोराने माझी पुळण खाल्ली." बंधाऱ्याच्या नकाशावर तुझी सही होती, हे त्यांना बाहेरच्या माणसाकडून कळलं होतं. तू हातातला घास ताटात ठेवलास, वहिनीने छोटीला कडेवर घेतलं आणि तुम्ही गेलात. त्यांचं बोलणं वाईट होतं. पण ज्या माणसाची पुळणच जातेय त्याने चांगलं कुठून बोलायचं, हेही मला कळतं. मी दोघांच्या मधे बसले होते, अजून तिथेच बसलेय आणि आता पाठ दुखते.

तुझी,
टिवटिव


२ मे

प्रिय दादा,

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तू वाच, मग हवं तर पत्र फाड.

माझ्या तीन बायकांपैकी एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. प्रश्न असे विचारतात की माणूस सरळ होऊन बसतो. इतके दिवस त्या हॉटेलांच्या बाजूला होत्या, आज पहिल्यांदाच आपल्या पुळणीवर आल्या. मी त्यांचं काम बघायला खुर्च्यांच्या शेडमागून येत होते, तर शेवटच्या खुर्चीवर त्यांच्यासमोर आप्पा बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, डोक्यावर तू टाकून गेलेली पांढरी हॅट. गिऱ्हाईक म्हणून. मला हसू आवरेना, म्हटलं आता हा काय नवीन प्रकार?

"कुठून आलात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

आप्पांनी तुझ्या गावाचं नाव सांगितलं.

"कितीजण?"

"चौघं. मी, मुलगा, सून आणि नात."

"बाकीचे कुठे आहेत?"

"पाण्यात आहेत. पोरगी बाहेर यायला तयार नाही."

मास्तरीणबाईंनी समुद्राकडे बघितलं. पाण्यात बरीच माणसं होती. त्यांनी लिहून घेतलं.

"कसे आलात?"

"पहाटेची गाडी. जंक्शनला बदलायची. पूल चढून पलीकडच्या फलाटावर जायचं, तिथून छोटी गाडी. छोट्या गाडीत पुढच्या डब्यात बसावं लागतं. इथलं नवीन स्टेशन तोकडं आहे, मागचा डबा फलाटाला लागतच नाही, उडी मारावी लागते."

"घर ते स्टेशन कसे आलात?"

"चालत. उतार आहे, त्यामुळे जाताना काही वाटत नाही. परत चढताना दम लागतो. टॅक्सीवाले तो चढ बघून नाही म्हणतात. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर जरा टेकायचं."

"वर्षातून किती वेळा येता?"

"एकदाच. मुलाला सुट्टी मिळत नाही. मोठं काम असतं त्याचं."

"पुळण निम्मी झाली तर याल का?"

आप्पांनी हॅट काढून मांडीवर ठेवली.

"चार खुर्च्या मावल्या तरी येऊ," म्हणाले.

सुरुवातीला मला राग आला होता. लांबून येणाऱ्याला भाव म्हणून हे चाललंय, आणि माझ्याच कामात मला फसवताहेत, हे मला कळलं होतं. पण चष्म्याच्या दुकानाचं ऐकलं आणि माझे पाय वाळूत रुतले. मी तुझ्याकडे आले तेव्हा त्या कोपऱ्यावर न्हावी होता. चष्म्याचं दुकान गेल्या वर्षी झालंय, हे मला वहिनीकडून कळलं. (आम्ही बोलतो. तिच्यावर ओरडू नकोस.) आप्पांना मी ते कधी सांगितलं नाही. तुमच्याकडचं काही सांगायला गेले की ते उठून जातात.

दुपारी ते शेडमध्ये बूट काढत होते तेव्हा मी समोर जाऊन बसले.

"आप्पा, कधी गेला होतात?"

"कुठे?"

"चष्म्याच्या दुकानापर्यंत."

त्यांनी नाडी सोडायला फार वेळ लावला.

"हिवाळ्यात. खुर्च्यांचं कापड आणायला जातो म्हणालो होतो ना, तेव्हा."

"कापड तर आणलं होतंत."

"जंक्शनला मिळालं."

"आणि घरी? वर गेला नाहीत?"

"दारापर्यंत गेलो. बाहेर छोटीची सायकल होती, लाल. आतून हसण्याचा आवाज येत होता. तिघंही हसत होते. म्हटलं, एवढं छान चाललंय, मी मधेच जाऊन काय सांगणार?"

"बेल वाजवायची की."

"बोट ठेवलं होतं," आप्पा म्हणाले. "दाबवली नाही."

मला रडू आलं, दादा. त्यांच्यासमोरच रडले. त्यांनी मला शेडमधला पुसायचा फडका दिला, तो खाऱ्या पाण्याने इतका कडक झाला होता की माझं नाक सोललं. मग आम्ही दोघं हसलो.

दोन गाड्या, तो पूल, तो चढ, आणि दारावरून परत. साहेबांच्या पद्धतीने याची किंमत किती धरायची, हे मी त्यांना विचारलं नाही.

तुझी,
टिवटिव


११ मे

प्रिय दादा,

आप्पांची उत्तरं मी पाहणीतून काढून टाकली. खोटी होती, ठेवता येत नव्हती. मास्तरीणबाई आपल्याला बनवलं म्हणून दोन दिवस माझ्यावरच फुगून होत्या. तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "त्यांना मुलगा खरंच आहे का हो?"

"आहे."

"मग येत का नाही?"

मी त्यांना चहा पाजला.

आप्पांनाही सांगितलं की तुमचं धरलं नाही. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "खोटं होतं, खोडलंस ते बरोबर केलंस." आणि थोड्या वेळाने, "तुमची मोजणी कधीपर्यंत आहे?"

"महिनाअखेरपर्यंत."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुळणीवर गेले तर पुढच्या रांगेत, सगळ्यांपासून जरा सुट्या, चार खुर्च्या मांडलेल्या. चारही आईने शिवलेल्या कापडाच्या. त्यांतल्या एकीचे पाय कापून त्यांनी ती बुटकी केली आहे, आठ वर्षांच्या पोरीला पाय टेकवता येतील एवढी. छोटी आठची झाली हे त्यांच्या लक्षात आहे. मी कधी मोजून सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज मांडतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, माणसं खुर्चीसाठी ताटकळतात, पण त्या चार ते कुणाला देत नाहीत. परवा एका गृहस्थांनी आवाज चढवला. सकाळपासून रिकाम्या आहेत, आम्ही काय उभे राहू?

"बुक आहेत," आप्पा म्हणाले.

"मग माणसं कुठे आहेत?"

"गाडी लेट असेल."

पुढची रांग म्हणजे भरतीचं पाणी आधी तिथेच येतं. ते चारही खुर्च्या एकेक करून मागे आणतात, ओहोटी लागली की पुन्हा पुढे नेतात. मी मदतीला गेले तर म्हणतात, "तू तुझी माणसं मोज." लंगडणं आता लपवत नाहीत.

तुला एक खरं सांगते. साहेबांना मी विचारून बघितलं. आपली पुळण मागे आहे, आणि चार माणसांनी ती पुढे येणार नाही. चारशेंनीही येणार नाही. वाळू हॉटेलांकडेच जाईल असा रंग दिसतोय. आप्पांनाही मी हे सांगितलं आहे. आजूबाजूला बघत म्हणाले, "मग आहे तोवर बसून घ्यावं." तेव्हा तू येऊन पुळण वाचव असं माझं म्हणणं नाही. ती एकट्या तुझ्यामुळे गेली नाही आणि तुझ्या येण्याने राहणारही नाही.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं की बोलावण्यासाठी लिहीत नाहीये. ती थाप होती. तुला काय वाटलं, मला तुझ्याशी वाळूबद्दल गप्पा मारायच्या होत्या?

ये, दादा. माफी वगैरे कुणी मागेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, त्यांच्याकडून नको आणि स्वतःकडूनही नको. येऊन बस फक्त. मला तुम्ही दोघं हवे आहात, आणि आळीपाळीने नको, एका वेळी हवे आहात.

तुझी,
टिवटिव


२३ मे

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी माणूस लिहितो आणि तेही एवढंच: "चारही पत्रं मिळाली. शनिवार-रविवार जमेल. आप्पांना विचार, आलो तर चालेल का." तुझ्यापेक्षा विजेचं बिल जास्त बोलतं. मी ते दाराशीच उभं राहून किती वेळा वाचलं ते सांगणार नाही.

आप्पांना विचारलं. ते शेडमध्ये छत्रीच्या काड्या सरळ करत बसले होते. मी कार्ड वाचून दाखवलं, त्यातलं एक अक्षरही इकडचं तिकडे केलं नाही. त्यांनी मान वर केली नाही. एक काडी सरळ केली, दुसरी घेतली. मी म्हटलं, काय कळवू? त्यांनी तिसरी घेतली. मी थोडा वेळ थांबले आणि मग कामाला गेले. म्हटलं, एवढं सगळं करून पुन्हा 'बरं'सुद्धा नाही.

दुपारी मास्तरीणबाई मला शोधत आल्या. म्हणाल्या, "तुमचे वडील मला विचारत होते की शनिवारी इकडे माझीच पाळी आहे ना. मी हो म्हटलं तर म्हणाले, दुपारनंतर या, म्हणजे पोरगी पाण्यातून बाहेर आलेली असेल." बाई एवढ्या कडक, पण सांगताना चष्मा पुसत होत्या.

संध्याकाळी भरती होती. आम्ही दोघांनी चारही खुर्च्या मागे आणल्या. आज त्यांनी मला नको म्हटलं नाही. बुटकी खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, कापडावरची वाळू हाताने झटकली आणि मी विचारलेलं नसतानाच म्हणाले,

"त्याला लिही. छोट्या गाडीत पुढच्या डब्यात बसा म्हणावं. पोरीला उडी मारायला लावू नकोस."

तुझी,
टिवटिव